बारीक दंडाचा पट्टा

नर्सने ड्रॉवर उघडला आणि आत तीन पट्टे दिसले. घडलं ते एवढंच. तो दवाखान्याच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याच्या आधी नंबर असलेला म्हातारा इतका वाळलेला होता, की त्याने हात उचलताच सदऱ्याची बाही आपण होऊन खांद्यापर्यंत घसरली. नर्सने रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा त्याच्या दंडाभोवती गुंडाळला, गुंडाळून गुंडाळून पट्टा संपेना, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हा नाही चालायचा." ड्रॉवरमधून तिने दुसरा, अरुंद पट्टा काढला, नळी एकातून उपसून दुसऱ्यात खुपसली आणि यंत्र सुरू केलं. म्हातारा छताकडे बघत होता. त्याला काहीच कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. ज्याला कळलं तो बाकावर बसला होता. पाळी आल्यावर त्याने अगदी सहज, हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, "तो मघाचा पट्टा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? दवाखान्याचा."

"तसं नाही. कोणासाठी?"

"बारीक दंडाच्यांसाठी."

"आणि त्यांना हा मोठाच बांधला तर?"

"तर आकडा कमी दाखवतं. असतो त्यापेक्षा. हात सैल सोडा काका, कुस्ती नाही खेळायची." मग ती यंत्राकडे बघून म्हणाली, "वाढलंय की! चालत आलात का?"

तो हो म्हणाला. ड्रॉवर बघून रक्तदाब वाढला असं सांगणाऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात, हे त्याला ठाऊक होतं. आतल्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे भराभर काहीतरी सांगितलं आणि शेवटी "समजलं?" असं विचारलं. त्याने नेहमीप्रमाणे "हो" म्हटलं. डॉक्टरांच्या "समजलं?"ला "हो" हे उत्तर नसून निरोप असतो, उठायची परवानगी असते. इतक्या वर्षांत या खोलीत कोणी "नाही" म्हटल्याचं ऐकिवात नाही; म्हटलं असतं तर बाहेरच्या बाकावरच्यांनी त्याला बदडलं असतं.

निवृत्त होईपर्यंत तो वजनमापे निरीक्षक होता. ज्याला बघून बाजारातली माणसं खरं हसणं थांबवतात आणि खोटं हसणं सुरू करतात, त्या जातीचा नोकर. लाकडी पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं आणि सोबत लोखंडी वजनांचं बोचकं घेऊन तो दुकानोदुकान हिंडायचा. इतरांचे दंड तालमीत होतात, त्याचे सरकारी कामात झाले. दुकानातलं वजन आपल्या पेटीतल्या वजनाशी ताडायचं, पेटीतलं वजन वर्षातून एकदा मुख्य कचेरीतल्या वजनाशी, ते त्याहून वरच्याशी, असं करत करत सगळ्यांच्या वर कुठेतरी काचेखाली धातूचा एक तुकडा ठेवलेला असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही, ही कल्पना त्याला फार आवडायची. बायको म्हणायची, देवावर नाही तेवढा तुमचा त्या तुकड्यावर विश्वास. ते खरं होतं. देवाची पुनर्तपासणी होत नाही. एकदा एका धान्यवाल्याच्या दुकानात एक वजन खालून झिजून हलकं झालेलं सापडलं. धान्यवाला थकलेला होता, त्याचा आवाज खरा वाटत होता. तो म्हणाला, "साहेब, वडलांच्या वेळचं वजन आहे, झिजलं असेल, मला माहीत नव्हतं हो." त्यावर याने पेन काढता काढता एक वाक्य टाकलं होतं आणि ते वाक्य कचेरीत पुढे कितीतरी दिवस चालत राहिलं: "'माहीत नव्हतं' याला वजन नसतं." साहेबसुद्धा हसले होते. आता दवाखान्यातून घरी येताना, फुटपाथच्या कडेकडेने चालताना, ते वाक्य त्याला आठवलं नाही. ते त्याच्या शेजारून चालत होतं.

यंत्र मुलाने आणून दिलं होतं. मुलगा दुसऱ्या शहरात असतो आणि रविवारी फोन करतो. फोनमध्ये पहिल्यांदा रक्तदाब, मग पाऊसपाणी, मग "काळजी घ्या" आणि मग दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा आला तेव्हा तो यंत्र घेऊनच आला, आणि बापाचा दंड बघून दुकानदाराकडून मुद्दाम मोठा पट्टा घालून आणला. बापाला भेट आवडली. आवडल्यावर माणूस जे करतो ते त्याने केलं: तपासणी. लागोपाठ काही दिवस घरी मोजायचं आणि तडक दवाखान्यात जाऊन नर्सकडून मोजून घ्यायचं. आकडे जुळले. त्याने पांढऱ्या कागदाची एक चिकटपट्टी कापली, तिच्यावर "तपासले" असं लिहून खाली सही केली आणि ती यंत्राच्या पाठीवर चिकटवली. सही करण्यासारखं पुष्कळ दिवसांत काही हाताशी आलं नव्हतं. यंत्र बरोबर होतंच. त्याच्या दंडापुरतं बरोबर होतं. एक किलोचं वजन धान्यवाल्याकडे एक किलो आणि सोनाराकडेही एक किलोच असतं. ते कोणाच्या हातात आहे त्यावर बदलत नाही, हे त्याच्या आयुष्याचं तत्त्वज्ञान. माणसागणिक माप बदलावं लागतं अशी एखादी वस्तू जगात असेल, ही शंका त्याला कधी शिवली नाही. आणि तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावरची बाई आपला काडीसारखा दंड घेऊन त्याच्यासमोर बसली.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. होती म्हणजे अजूनही आहे, असं बिल्डिंगमधले लोक म्हणतात, कारण कोणाचं काय चाललंय ते तिला विचारलं की ती लगेच जोडून देते. डोक्याला तारेची पट्टी, कानावर चकती, समोर भोकांची भिंत आणि दिवसभर "थांबा, जोडते" म्हणत इतरांची माणसं इतरांना जोडणं, हा तिचा व्यवसाय. नवरा लवकर गेला, लेक परगावी नांदते. जिन्यात भेटली की त्याला "निरीक्षकसाहेब" म्हणायची आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती याचं प्रमाण त्याला कधी काढता आलं नाही. एका गुरुवारी संध्याकाळी तिने दार वाजवलं, म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे मशीन आहे म्हणे. दवाखान्यात तासभर बसायचं आणि ती पोरगी हात असा पिरगाळते, जशी काही वीज गेलेल्या पंख्याचं पातं फिरवतेय. तुम्ही बघता का जरा?" त्याने खुर्ची दिली, यंत्र काढलं, पट्टा बांधला. पट्टा बांधताना एक हात दंडाखाली धरावा लागतो. त्याचा हात तिच्या दंडाखाली गेला आणि थांबला. किती दिवसांनी, हा हिशेब त्याने तिथेच सोडून दिला. सुट्टे पैसे परत करताना दुकानदाराची बोटं लागतात, बसमध्ये कोणाचा खांदा लागतो, तेवढं सोडलं तर माणसाच्या कातडीची ऊब असते हे तो एखाद्या जुन्या नियमासारखा विसरला होता. बायकोच्या दंडाचं माप त्याला आठवत नव्हतं. एकदा तिला स्वेटर आणला होता, बाह्या घट्ट झाल्या. तिने शिवण उसवून, आतून कापडाची पट्टी जोडून तो वर्षानुवर्षं घातला आणि याला ते ती गेल्यानंतर कपाट आवरताना कळलं. शहरभरच्या दुकानदारांचं माप काढणारा माणूस.

मग दर गुरुवार. त्याने नियम घालून दिले, कारण नियमांशिवाय त्याला कोणाशी कसं वागायचं ते सुचत नसे. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर, आणि यंत्र चालू असताना बोलायचं नाही. शेवटचा नियम बाईंना जमला नाही. पट्टा फुगायला लागला की त्या गप्प बसायच्या, आणि तो सर्वांत घट्ट झाला की नेमकं त्यांना काहीतरी आठवायचं. "अहो, खालच्या मजल्यावरच्या सूनबाईचं कळलं का?"

"मोजताना बोलायचं नाही."

"बोलत नाहीये. सांगतेय."

"आकडा वाढतो."

"वाढू दे की, तेवढंच काहीतरी वाढतंय आता."

मग चहा व्हायचा, चहाबरोबर बिस्किटं, आणि मोजायला लागलेल्या मिनिटाच्या मागे तास-दीड तास सहज निघून जायचा. गुरुवारसाठी तो बुधवारी बिस्किटं आणायचा आणि मंगळवारी घरात बिस्किटं आहेत की नाहीत ते बघायचा. म्हणजे पाहिलं तर आठवड्याचे तीन दिवस भरलेले असायचे. माणसाला आयुष्य भरायला याहून जास्त काही लागतं असं म्हणणारे लोक बहुधा नोकरीत असतात.

आकड्यांचं त्याने तिला समजावून सांगितलं होतं. यंत्रावर दोन आकडे येतात, वरचा आणि खालचा. बाईंची समजूत होती की वरचा आकडा डोक्याचा आणि खालचा पायांचा. त्यावर तो इतका मनापासून हसला की खोकला आला. मग त्याने निरीक्षकाच्या आवाजात सांगितलं, की असं नसतं बाई. वरचा म्हणजे डब्यासकट वजन, खालचा म्हणजे निव्वळ. "मग धरायचा कोणता?" त्या म्हणाल्या. "व्यवहारात नेहमी निव्वळच धरतात," तो म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने कुठे वाचलंही नव्हतं. ते इतकं उघड आणि इतकं नीटनेटकं होतं की खरं असणारच असं त्याला वाटलं होतं. दोघंही शिकलेले, दोघंही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, दोघांनीही त्याच डॉक्टरांना "समजलं" म्हणून सांगितलेलं. तेव्हापासून खालचा आकडा ठीक दिसला की बाई खूश आणि बाई खूश की तो. वरचा आकडा डब्याचा. डबा कोण मोजतो?

गोळीचं मग ओघाने आलं. सकाळी उठल्यावर त्यांना गरगरायचं. ते गोळीमुळेच, असं त्यांचं मत. "साहेब, तुमचं मशीन तर म्हणतंय सगळं ठीक आहे. मग मी अर्धी घेऊ का?" तो काय म्हणाला होता? फुटपाथवर उभा राहून तो ते शब्द आठवायचा प्रयत्न करत होता, साक्षीदाराने करावा तसा. घ्या असं तो म्हणाला नव्हता. घेऊ नका असंही म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "काटा तर बरोबर दाखवतोय." आणि यंत्र उलटं करून पाठीवरची सही तिला दाखवली होती. बाईंनी चष्मा वर करून ती वाचली होती आणि म्हणाल्या होत्या, "वा. सरकारी." त्या दिवसापासून गोळी अर्धी. आज भर दुपारी, एका बंद शटरच्या सावलीत, त्याला स्पष्ट दिसलं की गेले कित्येक महिने तो खोट्या मापाने तोलत होता, आणि त्यावर शिक्का त्याचाच होता.

सांगायचं की नाही, असा प्रश्न सरळ माणसाला पडत नाही, असं तो नोकरीत असताना समजायचा. सांगितलं तर काय होईल हे पायऱ्या दिसाव्यात तसं दिसत होतं. बाई दवाखान्यात जातील. आकडा बघून डॉक्टर भुवया चढवतील. लेकीला फोन जाईल. आणि गुरुवार जाईल. न सांगता सोय लावता येईल का, याचाही त्याने विचार केला. बराच केला, औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत केला. बारीक पट्टा घ्यायचा, गुपचूप बदलायचा. आकडा चढलेला दिसेल, तर म्हणायचं, आज फार बोललात. किंवा म्हणायचं, गोळी पूर्णच घ्या, हवा बदललीय. बाई त्याचं ऐकतील. तीच तर पंचाईत होती: बाई त्याचं ऐकत होत्या. जगात एक माणूस त्याचं ऐकत होता आणि त्याने त्याला काय ऐकवलं, तर झिजलेलं वजन.

दुकानदार म्हणाला, "पट्टा? लहान मुलांचा देऊ?"

"मोठ्यांचाच. बारीक दंडाचा."

"घरात कोण बारीक आहे?" दुकानदाराने त्याच्या दंडाकडे बघत विचारलं.

"घरात कोणी नाही," तो म्हणाला, आणि वाक्य नको तेवढं खरं झालं म्हणून पुढे जोडलं, "वर आहे."

दुकानदाराने छताकडे बघितलं आणि चेहरा एकदम हळहळता केला. याने खुलासा केला नाही. पट्टा पिशवीत घातला.

गुरुवार उजाडेपर्यंत मध्ये दोन दिवस होते, म्हणजे दोनदा तो जिन्याने वर जाऊ शकला असता. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं की अशी गोष्ट जिन्यात सांगायची नसते. दुसऱ्या दिवशी बिस्किटं आणायची होती. पण वर पाऊल वाजलं की तो ऐकत राहायचा. त्यांची चाल त्याला पाठ होती, एक पाय किंचित घासत. पाऊल थांबलं की त्याचं मन थांबायचं आणि नळ सोडल्याचा आवाज आला की पुन्हा चालू व्हायचं. आपण वाट बघतोय ती कशाची? बाई पडल्याच्या आवाजाची? एखाद्या माणसाच्या पडण्याची वाट बघत खाली बिस्किटाचा पुडा घेऊन बसणाऱ्याला काय म्हणतात, हे त्याच्या कायद्यात नव्हतं. त्याच्या कायद्यात जप्ती होती, दंड होता, फार तर दुकानाला टाळं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पायरीपर्यंत गेला. वरून त्यांच्या रेडिओचा आवाज येत होता आणि त्या रेडिओशी बोलत होत्या. तो परत फिरला. उद्याचं उद्या, असं माणसं म्हणतात आणि उद्या येतोच, त्यात माणसांचं कौतुक काही नाही.

त्या आल्या. खुर्चीवर बसल्या, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली. टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "काय साहेब, नवीन पट्टा? सरकारने मंजूर केला वाटतं!" त्याने तो बांधला. नवा पट्टा नीट बसला. एका वेढ्यात दंडाला असा बिलगला की हात खाली धरायची गरजच पडली नाही. त्याने हात मागे घेतला. यंत्र घुरघुरायला लागलं. "अहो, काल लेकीचा फोन आला होता," बाईंनी मध्येच सुरुवात केली, "म्हणते, आई, तुझ्या आवाजाला काय झालं, मी म्हटलं आवाजाला काय होतंय, चाळीस वर्षं सरकारने पगार दिलाय या आवाजाला..." पट्टा सुस्कारा सोडून सैल पडला. आकडा आला. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी होता. खालचाही निव्वळ म्हणून खपवण्यासारखा राहिला नव्हता.

बाईंनी मान वाकडी करून बघितलं. "अगंबाई." मग स्वतःच त्याच्या मदतीला आल्या. "मी बोलले ना मध्ये, म्हणून. तुम्ही सांगता आणि मी ऐकत नाही. परत घ्या. आता हूं की चूं नाही."

आणि त्या गप्प बसल्या. ओठ मिटून, डोळे समोरच्या भिंतीवर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. इतक्या महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदा नियम पाळला गेला. यंत्राची घुरघुर, रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं त्याची पिपाणी, स्वयंपाकघरात गॅसवर चहाच्या पाण्याला आलेली सळसळ, सगळं ऐकू येत होतं. हे घर गप्प बसलं की कसं असतं ते त्याला माहीत होतं. पण ती समोर असताना ते तसं असू शकतं हे माहीत नव्हतं. आकडा आला. जवळजवळ तोच. बोलण्याचे चार-दोन कमी झाले होते, बस. सबब त्याच्या हातात आयती आली होती आणि आयती गेली.

"बाई," तो म्हणाला, "मागचं सगळं माप खोटं होतं."

"कोणाचं?"

"माझं. तो मोठा पट्टा माझ्या दंडाचा होता. तुमच्या दंडावर तो कमी दाखवतो. यंत्र चांगलं आहे. पट्टा चुकला. आणि ते डब्याचं आणि निव्वळचं मी सांगितलं, ते मला कोणी सांगितलेलं नाही. ते मी आपलं..." त्याने यंत्र बंद केलं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि धान्यवाल्याचा आवाज आपल्या गळ्यातून निघालेला त्याने ऐकला.

बाईंनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडवला. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने राँग नंबर लागत होता."

"हो."

"आणि मी अर्धी गोळी घेतेय."

"हो."

"दाखवली होतीत की सही."

त्याने यंत्र उलटं केलं आणि नखाने ती चिकटपट्टी काढायला लागला. ती निघेना, शिक्के असेच मारायचे असतात. बाई म्हणाल्या, "राहू द्या आता ते," आणि उठल्या, आणि उठताना टेबलाला धरलं, आणि त्याने त्यांच्या दंडाला धरलं. चहाचं पाणी आटून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण? यजमान?" बाई म्हणाल्या, "छे हो. हे वजनमापेवाले." डॉक्टर हसले नाहीत, आकडा बघून तर मुळीच नाहीत. त्यांनी बरंच काही सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "समजलं?" त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, "नाही." तोच म्हणाला होता. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि नाइलाजाने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: वरचा आकडा म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, दोन्हीही मोजायचे, गोळी कधी, गरगरलं तर गोळी तोडायची नाही, फोन करायचा. तो एकेक वाक्य उलट म्हणून दाखवत होता. बाहेर बाकावर कुरबुर सुरू झाली. हे त्याने नोकरीतल्या सवयीने केलं, की आणखी कशासाठी, ते त्याने तपासलं नाही.

लेक दोन दिवसांत आली. चांगली होती, आईसारखाच आवाज, फक्त आत तार घट्ट ओढलेली. खाली येऊन त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, आईचं तुम्हीच मोजत होतात ना?" तो हो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "उशिरा का होईना."  खोटं माप नव्हतं ते. आईला एकटीला ठेवायचं नाही असं ठरलं होतं. कोणी ठरवलं हे बाईंनी सांगितलं नाही, बाईंना विचारलं होतं की नाही हेही सांगितलं नाही. सामान फार नव्हतं. निघताना त्या जिन्यात त्याच्या दारापाशी थांबल्या. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता.

"बारीक पट्टा देऊ का बरोबर?" तो म्हणाला.

"तिच्याकडे आहे मशीन. मनगटावरचं. घड्याळासारखं." त्यांनी मनगट पुढे करून दाखवलं, जणू ते आत्ताच बांधलेलं आहे. "पट्टा नाहीच त्याला म्हणावं तसा. आणि ती बोलूही देत नाही, बरं का, तुमच्यासारखी."

"बोलायचं नसतंच."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "थांबा हं, जोडते." आणि एक पाय किंचित घासत उतरून गेल्या.

फोन येतो. दर आठवड्याला येतो असं नाही, गुरुवारीच येतो असंही नाही. त्या दोन्ही आकडे सांगतात, आता दोन्ही ठीक असतात, आणि म्हणतात, "डब्यासकट सांगितलं बरं का, साहेब." मागे नातवंडांचा गोंगाट असतो, मग कोणीतरी त्यांना हाक मारतं. जगाच्या हिशेबाने सगळं मार्गी लागलेलं आहे. बुधवारी तो बिस्किटं आणतो, कारण पाय त्या दुकानाशी वळतात, आणि पुडे साठतात. वरचं घर बंद आहे. बंद घराचाही एक आवाज असतो, तो मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याने टेबलावर यंत्र मांडलं. बारीक पट्टा सहज म्हणून स्वतःच्या दंडाला लावून बघितला. टोकाला टोक पोचलं नाही. तो गुंडाळून ठेवला आणि आपला मोठा पट्टा बांधला, एका हाताने, दातात टोक धरून. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. पट्टा फुगायला लागला, दंडाला आवळत गेला, आणि तो सर्वांत घट्ट झाला तेव्हा तो बोलायला लागला. आधी घसा साफ केला. मग त्याने खुर्चीला सांगितलं, की खालच्या सूनबाईचं अखेर जमलं, ती कामावर जायला लागली, सासू पोर सांभाळते आणि जिन्यात उभी राहून सगळ्यांना ते सांभाळणं ऐकवते. दवाखान्यातली ती हात पिरगाळणारी पोरगी आता त्याला "नाही समजलं काका" म्हणून हाक मारते. वरच्या नळाची एक चकती गेलेली असणार, थेंब पडतो, पण कुलूप आहे, काय करणार. पट्टा सैल पडला. आकडा चढलेला होता. चूक होती, असं मोजायचं नसतं. त्याने पाच मिनिटं थांबून पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी नियमाप्रमाणे गप्प बसून राहिला. आकडा उतरला. त्याने गप्प बसून आलेला आकडा बोलताना आलेल्या आकड्यातून वजा केला. बाकी उरली ती फार नव्हती. पण निव्वळ होती.